धाकटीचं मशीन

आमच्या घरात रोज सकाळी एक धून वाजायची आणि मध्येच गळा दाबल्यासारखी बंद व्हायची. कॉम्प्युटर चालू होताना छोटीशी धून वाजते ना, तीच. मी स्वयंपाकघरात चहा गाळत असायची. भिंतीपलीकडे ती सुरू झाली की माझा हात आपोआप थांबायचा. मनात म्हणायची, आज तरी पुरी वाज गं बाई. पण छे! धून तुटायची, मग नुसती पंख्याची घरघर, मग बटण दाबून धरल्यासारखी शांतता, मग खुर्ची सरकल्याचा आवाज. आणि मग आमचे भाऊजी बाहेर यायचे. चेहरा असा व्हायचा की कप हातात देताना मी त्यांच्याकडे बघायचं टाळायची.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा. अख्ख्या वस्तीची बंद पडलेली मशीनं या माणसाच्या हातून सुरू होऊन जातात, आणि त्यांच्याच घरातलं एक मशीन त्यांना वर्षभर दाद देत नव्हतं. ते मशीन होतं त्यांच्या बायकोचं, म्हणजे माझ्या धाकट्या जावेचं. ती गेली आणि मशीन मागे राहिलं.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा भाऊजी अर्ध्या चड्डीत होते. माझं माहेरहून आलेलं गजराचं घड्याळ त्यांनी पहिल्याच आठवड्यात उघडून चटईवर मांडलं. मी घर डोक्यावर घेतलं. सासूबाईंना वाटलं, नवी सून चांगलीच तोंडाळ निघाली, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. भाऊजींनी मुकाट्याने घड्याळ परत जोडलं. चाललंही ते. फक्त गजर कधी वाजेल याचा नेम राहिला नाही. कधी भरदुपारी वाजायचा आणि आमचे हे जेवता जेवता दचकून उठायचे.

पुढे ते एका रेडिओवाल्याकडे शिकले, मग टीव्ही दुरुस्त करू लागले, मग कॉम्प्युटर. घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान. खिडकीखाली लांब बाक, वर दिवा, भिंतीला वायरींची भेंडोळी. दाराशी माझी खुर्ची. गिऱ्हाईक आलं की आधी माझ्याशी गाठ. भाऊजींच्या तोंडात शब्द नाही, म्हणून देवाने मला त्यांच्या वाट्याचेही दिलेत. लोक त्यांना पाठीमागे 'बंदचालू' म्हणतात. कारण फोनवर कोणी काहीही रडगाणं सांगो, भाऊजींचं पहिलं वाक्य ठरलेलं, "एकदा बंद करून चालू करून बघा." निम्मी मशीनं तेवढ्यावरच सुधारतात.

जी सुधारत नाहीत ती बाकावर येतात. तिथे त्यांची एक रीत आहे. आधी मशीनला लावलेलं सगळं काढायचं. अगदी उघडंबोडकं करायचं. मग एकेक वस्तू परत जोडायची आणि प्रत्येक वेळी चालू करून बघायचं. ज्या वस्तूने बंद पडेल ती चोर. इतकी वर्षं दाराशी बसून ऐकलंय मी हे, झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. आणि दुसरा नियम म्हणजे, बाकावर आलेल्या मशीनमधल्या कोणाच्याही फायली उघडायच्या नाहीत. फोटो नाहीत, गाणी नाहीत, काही नाही. एकदा मी म्हटलं, "बघू तरी त्या नवरीचा अल्बम." तर असे बघितले माझ्याकडे, की मी उठून भाजी चिरायला गेले.

धाकटी एका टायपिंगच्या ऑफिसात कामाला होती. तिथलं मशीन बिघडलं म्हणून भाऊजींना बोलावलं. त्यांनी उघडलं, साफ केलं, चालू करून दिलं. तर ही म्हणाली, "मशीन चालू झालं हो, पण माझ्या टेबलावर उडवलेली धूळ कोण पुसणार?" भाऊजींनी शर्टाच्या बाहीने टेबल पुसलं. त्यानंतर तेच मशीन बघायला ते पुन्हा पुन्हा जाऊ लागले. बिघाड कसला नि काय! मी विचारलं, "काय हो, मशीन बघायला जाता की मशीनवालीला?" तर कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. महिन्याभरात मला जाऊ आली.

आमचं जमलं. खरं तर तिच्याशी न जमणं अवघड होतं. मी भांडायला उभी राहिले की ती शांतपणे विचारायची, "ताई, झालं का? की चहा पिऊन पुढचं बोलताय?" भाऊजींशी मात्र कचाकचा भांडायची. ते बिचारे गप्प, म्हणून तिचा राग आणखी चढायचा.

लग्नानंतर तिने ऑफिस सोडलं आणि अंध मुलांच्या शाळेसाठी धडे वाचून रेकॉर्ड करायला लागली. आवाज असा, की उन्हातून आल्यावर कोणी गार पाणी हातात द्यावं. पुस्तकात 'चित्र पाहा' असं आलं की ती थांबायची आणि चित्र सांगायची. "मुलांनो, इथे एक डोंगर आहे. तुमच्या डाव्या हाताला. डोंगराच्या पायथ्याशी एक घर, घराचं दार उघडं आहे." मी दाराबाहेर उभी राहून ऐकायची. मला डोळे असूनही पुस्तकातलं ते घर कधी इतकं दिसलं नव्हतं.

बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून तिने मागच्या अडगळीच्या खोलीच्या भिंतींवर जुन्या रजया ठोकल्या होत्या. दारालासुद्धा एक, पडद्यासारखी. त्या खोलीत बोललं की आपला आवाज तोंडाशीच विझतो, परत येत नाही. ती असताना त्याची गंमत वाटायची. ती गेल्यावर मला तिथे पाय टाकवेना. मी भुताखेतांना मानणारी बाई नाही, स्पष्ट सांगते. पण त्या दारात उभं राहिलं की उगाचच वाटायचं, आपण बोललेलं कोणीतरी आत ओढून घेतंय. आणि कोण, हे मला माहीत होतं. म्हणून तर अंगावर काटा यायचा.

ती गेली त्या सकाळचं भांडण मी ऐकलंय. दाराशीच बसले होते.

तिच्या मशीनचा पंखा घरघरायला लागला होता आणि ती घरघर रेकॉर्डिंगमध्ये यायची. भाऊजींनी नवा पंखा आणूनही ठेवला होता, खोक्यासकट बाकाच्या खणात पडून होता. पण आज करतो, उद्या करतो. त्या दिवशी बाकावर कामांचा ढीग. ती बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, आज काहीही करून बदला. पोरं म्हणतात, बाई, तुमच्या मागे कोण घोरतंय?" मी हसले. भाऊजी वर न बघता म्हणाले, "गिऱ्हाइकांची कामं टाकून तुझा पंखा बदलत बसू का?" झालं. धाकटीच्या नाकावर राग आलाच. "नका बदलू. आजपासून माझ्या मशीनला हातसुद्धा लावू नका." चपला घातल्या, धड्यांच्या सीडींची पिशवी घेतली आणि शाळेत पोचवायला निघून गेली.

कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या पायरीवर ती जरा टेकली म्हणे. ती पुन्हा उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. काय वय होतं तिचं! अजून सांगताना मला राग येतो, आणि तो कोणावर काढावा ते कळत नाही.

सगळं पार पडल्यावर, पाहुणे गेल्यावर, भाऊजी त्या खोलीत गेले. आमच्या ह्यांनी तिचा एक फोटो मोठा करून आणला होता, वाऱ्याने केस उडालेला, हसणारा, चांगल्या जड लाकडी चौकटीत बसवलेला. तो त्यांनी तिच्या टेबलावर ठेवला. टेबल केवढंसं. पडदा, मायक्रोफोन, स्पीकर, कीबोर्ड, यातून उरलेल्या जागेत तिरका, पडद्याला टेकवून. मग खुर्चीत बसून मशीन चालू केलं. त्यांना एवढंच हवं होतं, की तिचा शेवटचा वाचलेला धडा ऐकायचा. ती वाचायला बसायची त्या वेळेला, तिच्याच खोलीत.

धून वाजायला लागली आणि तुटली. पडदा काळा झाला. पंखा घरघरत राहिला, पण मशीन कशाला म्हणून उत्तर देईना. माऊस हलवा, बटणं दाबा, ढिम्म. शेवटी बटण दाबून धरून बंद करावं लागलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच.

असं मशीन बाहेरच्या कोणी आणलं असतं तर भाऊजींनी चुटकीसरशी सोडवलं असतं. इथेही ते लागले कामाला. आधी फोटो दोन्ही हातांनी उचलून खिडकीत ठेवला. मग वायरी सोडवून पेटी तेवढी बाहेर बाकावर आणली. बाकावर लावली, तर मशीन ठणठणीत! दिवसभर चालू राहिलं. संध्याकाळी आत नेऊन जोडलं, तिथेही व्यवस्थित चाललं. भाऊजी म्हणाले, "काहीतरी सैल झालं असेल. आता उद्या सकाळी निवांत ऐकू." मशीन बंद केलं, टेबल पुसलं, फोटो जागेवर ठेवला. सकाळी बसले. धून तुटली.

मग त्यांनी रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या. बाकावर चाललं, सकाळी बंद. वीज देणारा डबा बदलला. सकाळी बंद. आतली बटणाएवढी बॅटरी बदलली, केबली बदलल्या. वायरमनला बोलावून त्या खोलीतला बोर्ड उघडायला लावला. वायरमनने बोर्ड बघितला, रजया बघितल्या, फोटो बघितला, आणि काढता पाय घेतला. जाताना मला हळूच म्हणाला, "बाई, खोली बंद ठेवा." मी त्याला असं फैलावर घेतलं की तो पेचकस विसरून गेला. पण रात्री मलाच डोळ्याला डोळा लागेना.

मी भाऊजींच्या मागे लागले. "अहो, बाकावर चालतंय ना? मग बाकावरच ऐका की तो धडा!"

"बाकावर कोणाच्या फायली उघडायच्या नाहीत, वहिनी."

"कोणाच्या म्हणजे? बायकोच्या आहेत!"

"म्हणूनच," एवढंच म्हणाले आणि दिवा मालवला.

खरी गोष्ट मला नंतर कळली, तीही त्यांनी सांगितली म्हणून. एके सकाळी धून तुटल्यावर बराच वेळ खुर्ची सरकली नाही, तेव्हा मी दारापर्यंत गेले. रजईचा पडदा बाजूला केला. काळ्या पडद्यासमोर बसले होते, बाजूला ती हसतेय.

"मी दुरुस्त करत असतो तेव्हा चालतं, वहिनी," ते म्हणाले. "परका माणूस म्हणून हात लावला तर चालतं. नवरा म्हणून बसलो की बंद. हात लावू नका म्हणाली होती ना. अजून गेलेला नाही राग."

"काहीतरीच काय!" म्हणून मी परत आले आणि भांडी आपटत बसले. पण आमच्या घरात ती आहे आणि ती रागावलेली आहे, हे त्या दिवसापासून मलाही पटायला लागलं. रात्री पाणी प्यायला उठले की त्या दाराकडे पाठ करायची नाही, असं मी ठरवूनच टाकलं होतं. आमचे हे पेपरातून डोकं वर काढून म्हणायचे, "भंगारात टाक ते धूड." मी म्हणायची, "टाका तुम्ही. मग आहे तुमची नि तिची गाठ." पुन्हा पेपर वर व्हायचा.

तोवरही ठीक होतं. पण पुढे भाऊजींनी दुसऱ्यांच्या मशीनलाही हात लावणं सोडलं. शाळेतल्या एक मास्तरीणबाई त्यांचं मशीन घेऊन आल्या. भाऊजींनी पेचकस उचलला, झाकणाशी नेला आणि हात तिथेच थांबला. खूप वेळ. मग पेचकस खाली ठेवून म्हणाले, "नको. दुसरीकडे दाखवा." मास्तरीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या, मी भिंतीकडे. त्यानंतर बाकावर धूळ साचायला लागली. गिऱ्हाइकांना मी खोटंनाटं सांगून वाटेला लावायची. माणूस जेवायचा चिमणीएवढं, बोलायचा त्याहून कमी. सकाळी तेवढा त्या खुर्चीत जाऊन बसायचा, आपल्याला हाकललं जातं का ते बघायला. या माणसाला घडवलं ते हातांनी, आणि तेच हात मांडीवर पडून असायचे. तो हळूहळू तिच्या मागून निघालाय हे मला दिसत होतं, आणि माझं धाबं दणाणलं होतं.

आमचे हे एकदाचे उठले आणि म्हणाले, "चल, तुला डॉक्टरकडे नेतो." मला वाटलं, भाऊजी नाही म्हणतील. तर ते मुकाट्याने शर्ट बदलून आले. कधीही न ऐकणारा माणूस ऐकायला लागला म्हणजे काय समजायचं! दोघं भाऊ बाहेर पडले आणि मी घरात एकटी उरले. घरात एकटी, आणि ती.

आणि मला अस्सा राग आला. भाऊजींचा नाही, डॉक्टरांचा नाही, तिचा. पदर खोचला, फडकं घेतलं आणि सरळ त्या खोलीत शिरले. "काय गं ए," मी म्हटलं, आणि माझा आवाज त्या रजयांनी पिऊन टाकला. "काय चालवलंयस तू? एका पंख्यापायी? माणूस मारतेस का?" बोलता बोलता टेबल पुसायला घेतलं, कारण हातांना काही काम नसलं की मला भांडता येत नाही. फोटो उचलला. काचेवर धूळ होती, ती पुसली. तो तसाच मांडीवर घेऊन तिच्या खुर्चीत बसले, आणि त्याच रागात मशीनचं बटण दाबलं. "बंद करून दाखव बघू माझ्यासमोर!"

धून वाजली. पुरी वाजली.

पडदा उजळला. तिने लावलेलं एक डोंगराचं चित्र, त्यावर ओळीने फायली. काही काळं झालं नाही. पंखा घरघरत होता, ती हसत होती, आणि मशीन चालूच. मला हुंदका आला. "माझं ऐकलंस गं," असं म्हणून मी फोटो जपून तिच्या जागेवर ठेवला.

पडदा फटकन काळा झाला.

मी त्या खोलीतून कशी बाहेर आले ते विचारू नका. पाचावर धारण बसली होती. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले, निम्मं अंगावर सांडलं. मग ओट्याला टेकून उभी राहिले आणि हळूहळू माझं डोकं चालायला लागलं. इतकी वर्षं दाराशी बसून मी काय ऐकत होते? सगळं काढायचं, मग एकेक जोडायचं. ज्या वस्तूने बंद पडेल ती चोर. भाऊजींनी सगळं काढलं होतं, सगळं जोडून बघितलं होतं. एक वस्तू त्यांनी कधी मोजलीच नव्हती.

परत गेले. बटण दाबून धरून मशीन बंद केलं, फोटो उचलला, पुन्हा चालू केलं. धून पुरी. थांबले. चालू. फोटो ठेवला. काळं. मग मी चष्मा लावून वाकून बघितलं. चौकटीचा खालचा कोपरा कीबोर्डच्या उजव्या टोकाला, वरच्या अंगाला टेकत होता. तिथे तीन छोटी बटणं आहेत, हल्लीच्या कीबोर्डना नसतात ती. मधल्यावर अर्धा चंद्र काढलेला. चौकटीचा जड कोपरा बरोब्बर त्या चंद्रावर बसला होता. फोटो बाजूला ठेवला, मशीन चालू केलं आणि बोटाने चंद्र दाबला. काळं.

मी हसले का रडले, मला आठवत नाही. दोन्ही केलं असणार. "अगं भवाने," मी फोटोला म्हटलं, "तूच बसली होतीस की गं बटणावर!"

जीव भांड्यात पडला. कधी एकदा दोघं येतात आणि सांगते असं झालं. आल्या आल्या, डॉक्टर काय म्हणाले हेही न विचारता, आमच्या ह्यांना आधी सांगितलं. ते म्हणाले, "सांगून टाक लगेच. मोकळा होईल बिचारा." मलाही तसंच वाटलं. चहासुद्धा टाकला नाही. भाऊजींना हाताला धरून खोलीत नेलं, तिच्या खुर्चीत बसवलं आणि सगळं करून दाखवलं. फोटो काढला, चालू. ठेवला, काळं. काढला, चालू. जादूगारासारखे हात हलवत होते मी. "बघा! ना राग, ना काही! चौकटीचा कोपरा!"

आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिले, आता हसतील, मग हसतील.

भाऊजींनी ते बटण बोटाने चाचपलं. "झोपेचं बटण," ते म्हणाले. "हे दाबलं की मशीन झोपतं. आणि हे जुनं मशीन एकदा झोपलं की उठत नाही. जुनाच दोष आहे. मीच तिला सांगितलं होतं, झोपवू नकोस, बंदच करत जा." मग म्हणाले, "मशीन का बंद पडलं त्याची नोंद आतच होते, वहिनी. पहिल्याच दिवशी उघडून बघितली असती तर कळलं असतं. कोणाही गिऱ्हाइकाची मी आधी तीच बघतो."

"मग बघितली का नाहीत?"

भाऊजी फोटो मांडीवर घेऊन बसले. मग म्हणाले, "म्हणजे ती नव्हतीच."

"नव्हतीच! तेच तर सांगतेय! रागावलेली नव्हती ती, भाऊजी."

"वर्षभर मला वाटत होतं, रागावलीय," ते म्हणाले. "रागावलेली का होईना, होती."

ही मी चांगली बातमी म्हणून घेऊन आले होते! मी त्या माणसाची बायको त्याच्या हातातून काढून घेतली होती, तीही हसत हसत, जादू दाखवत. मला तिथे उभं राहवेना. "चहा टाकते," म्हणून बाहेर आले आणि ओट्याशी पदर तोंडात कोंबून रडले.

कप घेऊन परत गेले तेव्हा भाऊजी खाली जमिनीवर बसले होते. पेटीचं झाकण उघडलेलं, शेजारी खणातलं ते खोकं. नवा पंखा बसवत होते. हात पुन्हा चालत होते. स्क्रू पडला तर मी शोधून दिला. झाकण लागलं, मशीन सुरू झालं, आणि कसलीही घरघर नाही. मग त्यांनी तिचा शेवटचा धडा लावला.

"मुलांनो," ती म्हणाली. मी दाराची चौकट घट्ट धरली. "या चित्रात समुद्र आहे. तुमच्या समोर, जिथपर्यंत हात लांब कराल तिथपर्यंत, आणि त्याच्याही पुढे." तिच्या आवाजाच्या मागे घरघर होती. पंखा बदलला तरी ती आत राहिलीच होती. ती आणखी दोन वाक्यं वाचत गेली, मग थांबली. "श्शी! हा मेला पंखा!" आणि तिथे धडा संपला.

भाऊजींनी मान वर केली. "बघा," ते म्हणाले, "होती की नाही रागावलेली?" वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर काहीतरी आलं, त्याला हसू म्हणावं तर म्हणता येईल.

"तो आवाज काढून टाकता येतो ना?" मी विचारलं. "तुम्हीच सांगत होतात एकदा कोणाला."

"येतो," ते म्हणाले. "पण नको."

आता दुकान उघडलंय. बाकावर पुन्हा पसारा आहे, आणि मी पुन्हा दाराशी बसून लोकांची डोकी खाते. मास्तरीणबाई त्यांचं मशीन परत घेऊन आल्या, ते सुधारून गेलं. शाळेला राहिलेले धडेही भाऊजींनी स्वतः नेऊन दिले, शेवटचा सोडून. फोटो आता टेबलावर दुसऱ्या बाजूला असतो, स्पीकरवर. सकाळी धून पुरी वाजते. मी चहा गाळत असते आणि हात थांबत नाही. खरं सांगायचं तर घर जरा मोकळं मोकळंच वाटतं. रात्री पाणी प्यायला उठले की त्या दाराकडे पाठ करता येते, आणि तेही मला बरं वाटत नाही.

परवा सकाळी धून सुरू झाली आणि तुटली.

मी चहा गॅसवर तसाच टाकून धावले. रजईचा पडदा बाजूला केला. भाऊजी खुर्चीत बसलेले, पडदा काळा, आणि फोटो पुन्हा त्याच जुन्या जागी, कीबोर्डच्या कोपऱ्यावर.

"अहो, हे काय!" मी ओरडले. "पुन्हा तिथेच कसा आला हा?"

"मी ठेवला," भाऊजी म्हणाले.

"अहो, पण का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. काळ्या पडद्याकडेच बघत होते, त्यात त्यांचा स्वतःचा चेहरा तेवढा अंधुक दिसत होता. "राहू दे वहिनी," ते म्हणाले. "आज जरा रागावू दे तिला."

दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून मी भिंतीशी खाली बसले, पाठ रजईला टेकवून. आम्ही दोघं बराच वेळ तसेच बसून होतो. चहा उतू जाऊन गॅस विझला होता, तो मला नंतर दिसला.